ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला स्टीलजाळीचे ब्रेक होज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडून स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी घेऊन कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणारी पोरं आता बरीच आहेत. ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस, करून आली की आमच्या गॅरेजमध्ये पहिला विषय ब्रेकचाच निघतो, आणि त्यात हमखास "स्टीलचे होज टाकू का?" हा प्रश्न असतो. ब्रेक हा अंदाजाने करायचा विषय नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

स्टीलजाळीचा होज म्हणजे नेमकं काय? कंपनीच्या होजपेक्षा तो वेगळा कसा?

मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल दाबलं की दाब तयार करणाऱ्या पंपापासून, चाकाच्या जवळपर्यंत ब्रेक ऑईल लोखंडी पाईपमधून येतं. पण चाक वर-खाली होतं, पुढचं चाक तर वळतंही. त्यामुळे शेवटचा वीत-दोन वीत भाग लवचीक ठेवावा लागतो. तो लवचीक भाग म्हणजे होज. कंपनीच्या होजमध्ये ईपीडीएम जातीचं रबर असतं, त्यात धाग्याचं विणकाम आणि वरून पुन्हा रबर. स्टीलजाळीच्या होजमध्ये आत पीटीएफईची, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्याची नळी असते. तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची घट्ट जाळी विणलेली असते आणि चांगल्या होजला सगळ्यात बाहेरून प्लास्टिकचं आवरण असतं.

फरक कळतो तो दाब आला की. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो. ब्रेक जोरात दाबला की लाईनमधला दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो. उसाला पाणी द्यायची पसरलेली पाईप मोटर सुरू झाल्याबरोबर कशी फुगते ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ब्रेकचा रबरी होज काही इतका फुगत नाही, अगदी केसभर फुगतो. पण चारही होजचं ते केसभर फुगणं एकत्र केलं की पेडलचा थोडा प्रवास त्यातच खर्च होतो. होज जुना असेल आणि वर गरम झाला असेल तर जास्तच. टेफ्लॉन आणि स्टीलची जाळी फुगायला जागाच देत नाही.

म्हणजे गाडी लवकर थांबते का?

नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण बहुतेक जण हीच अपेक्षा ठेवून पैसे मोजतात. गाडी किती अंतरात थांबणार हे शेवटी टायरची पकड ठरवते. सध्याच्या ब्रेकवर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर जोर कमी पडतोय असं म्हणताच येत नाही. होज बदलल्याने पॅड डिस्कला जास्त घट्ट धरत नाहीत. पायाने जितका दाब दिला तितकाच कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, पोहोचतो.

बदलतं ते पेडल. ते वरच घट्ट लागतं आणि पाय किंचित हलवला की ब्रेक किंचित बदलतो. ट्रॅकवर याचं मोल फार आहे. वळणाच्या तोंडाशी चाक लॉक व्हायच्या उंबरठ्यावर धरायचं आणि वळणात शिरता शिरता ब्रेक हळूहळू सोडायचा, हे सगळं पायाच्या अंदाजावर चालतं. पेडल मऊ असलं की तो अंदाज चुकतो. मग माणूस घाबरून लवकर ब्रेक मारतो, नाहीतर उशिरा मारून सरळ मातीत जातो. आम्ही स्टीलजाळीचे होज बसवायला सांगतो ते एवढ्याच कारणासाठी.

ट्रॅकवर चार-पाच लॅपनंतर पेडल मऊ होतं, कधी पार खाली जातं. होज बदलले की जाईल ना हा त्रास?

बहुतेक वेळा जाणार नाही, कारण तो त्रास होजचा नसतोच. एक पोरगा ट्रॅकवरून परत आला आणि गाडी लावल्या लावल्या म्हणाला, "काका, पेडल पार तळाला जातंय. स्टीलचे होज टाकूया ना!" मी विचारलं, "ब्रेक ऑईल कधी बदललंस?" तर म्हणे, "गाडी घेतल्यापासून तरी नाही." पुढच्या चाकाच्या ब्लीडर निपलला (हवा काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून ऑईल काढलं, तर तपकिरी आणि गढूळ. नळीत बारीक बुडबुडे. नवं ऑईल भरून हवा काढली आणि पेडल जागेवर आलं. होजला आम्ही हातही लावला नव्हता.

तिथे होतं काय ते समजून घ्या. हजार किलोची गाडी लांब सरळ पट्ट्यावर १६० च्या वेगाने येते आणि वळणाआधी ८० वर आणावी लागते. वेग निम्मा झाला तरी ऊर्जा निम्मी होत नाही, तीन चतुर्थांश जाते. हिशेब केला तर एका ब्रेकिंगला जवळपास ७४० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली तीन चतुर्थांश पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली आणि एक डिस्क पाच किलोची धरली, तर डिस्कचं तापमान एका दमात १२० अंशांनी चढतं. थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. ती उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑईलला पोहोचते.

ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं, तो त्याचा गुणच आहे. डॉट ही ब्रेक ऑईलची प्रत. डबा नवा असताना डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० असावा लागतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ऑईल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. म्हणून पाय दाबला तरी कॅलिपरपर्यंत जोर पोहोचत नाही. पार्किंगमध्ये गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल परत येतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक झालं. पुढच्या सेशनला तेच घडतं, फक्त यावेळी आणखी लवकर.

पेडल घट्ट आहे, पाय टेकतोय, पण गाडी थांबत नाही, हा वेगळा आजार. तेव्हा पॅड तापून घसरत असतात. त्यावरही होज हे औषध नाही.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी चांगलं ऑईल, मग ट्रॅकला चालणारे पॅड, त्यानंतर होज. ऑईलसाठी मोतुलचं आरबीएफ ६०० घेतलं तर नव्याचा उत्कलनबिंदू ३१२ अंश आणि ओल धरल्यावरही दोनशेच्या वरच आहे. मात्र रेसिंगचं ऑईल रस्त्यावरच्या ऑईलपेक्षा वरचेवर बदलावं लागतं. गेल्या पावसाळ्यात उघडून ठेवलेला अर्धा डबा कपाटात असेल तर तो ब्रेकमध्ये ओतू नका.

कुपवाडच्या एमआयडीसीत जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्राचे हायड्रॉलिक होज तासाभरात क्रिंप करून (टोकाला फिटिंग दाबून) देतात. तिथूनच ब्रेकचा होज बनवून घेतला तर?

हा प्रश्न सांगली-मिरजेत सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तीच माणसं शेकडो बारचा दाब झेलणारे होज रोज बनवतात, त्यांचं काम चोख असतं आणि पैसेही कमी घेतात. मग कारच्या ब्रेकला काय अडचण?

पहिली अडचण रबराची. हायड्रॉलिक होज खनिज तेलासाठी बनवलेला असतो. त्याच्या आतलं अस्तर सहसा नायट्राईल रबराचं असतं आणि खनिज तेलात ते वर्षानुवर्षं टिकतं. ब्रेक ऑईल मात्र ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि नायट्राईलला ते मानवत नाही. अस्तर फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटतात आणि ते कण जातात कॅलिपरमध्ये, एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये. उलट ब्रेकच्या ईपीडीएम सीलला खनिज तेलाचा थेंबही चालत नाही. क्रिंप करायच्या टेबलावर, फिटिंगमध्ये, कापायच्या यंत्रावर ते तेल सगळीकडे असतं. म्हणजे आत टेफ्लॉनची नळी वापरली तरी चुकून राहिलेलं तेल मास्टर सिलिंडरचे सील खराब करू शकतं.

दुसरी अडचण हलण्याची. ब्रेकचा होज नुसता दाब झेलत नाही, तो दाबाखाली असताना सतत वाकतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकात ब्रेक होजला यंत्रावर सलग ३५ तास दाबाखाली हलवत ठेवतात आणि त्यात तो फुटता कामा नये. शिवाय ४,००० पीएसआय म्हणजे सुमारे २७५ बारचा दाब दोन मिनिटं सोसावा लागतो. त्यानंतर बारीक होजने ७,००० पीएसआयच्या आत फुटायचं नाही. होज सहसा मधे फुटत नाही, टोकाला जिथे धातूचा फेरूल (कडं) दाबलेला असतो तिथे फुटतो. तिथे वाकण्याचा ताण एका रेषेवर येतो. म्हणून चांगल्या ब्रेक होजला त्या जागी रबराची किंवा प्लास्टिकची आधाराची नळी दिलेली असते. हायड्रॉलिकवाल्याकडे ती नसते, कारण त्याच्या कामाला ती लागत नाही.

त्यांच्या हाताची कदर पूर्ण आहे. पण जेसीबीचा होज फुटला तर बादलीभर तेल जमिनीवर सांडतं आणि काम थांबतं. आपला होज फुटेल तेव्हा समोर वळण असेल.

मग विकत घेताना काय बघायचं?

तुमच्या गाडीच्या मॉडेलचं आणि वर्षाचं तयार किट मिळत असेल तर तेच घ्या. गुडरिज, एचईएल अशा ब्रिटिश कंपन्या वर्षानुवर्षं याच धंद्यात आहेत. होजवर किंवा त्याच्या पट्टीवर कोणतं मानक पाळलं आहे ते लिहिलेलं असावं : भारताचं आयएस ७०७९, अमेरिकेचं एफएमव्हीएसएस १०६ किंवा जर्मनीच्या टीयूव्ही या तपासणी संस्थेची मान्यता. काहीच लिहिलेलं नसेल तर कितीही चकचकीत असला तरी होज घेऊ नका.

बाहेरच्या आवरणाबद्दल थोडं. उघडी स्टीलची जाळी दिसायला छान दिसते, पण कास, महाबळेश्वरकडची लाल माती आणि आपल्या रस्त्यांवरची खडी त्या जाळीत जाऊन बसते. होज हलला की तेच कण आतल्या टेफ्लॉनला घासत राहतात. शिवाय उघडी जाळी ज्याला टेकेल त्याला कानसासारखी कापते. एबीएस सेन्सरची वायर, चाकाच्या आतलं प्लास्टिक, अल्युमिनियमचा कॅलिपर, काहीही सुटत नाही. आवरण असलेलाच होज घ्या. आवरण पारदर्शक असेल तर उत्तम, जाळीची एखादी तार तुटली तर डोळ्याला दिसते.

फिटिंगचे आटे जुळतात की नाही हे कसं ओळखायचं?

ऑर्डर देऊन होज बनवून घेत असाल तर जुना होज नमुना म्हणून पाठवा, नुसतं माप सांगू नका. पुष्कळशा गाड्यांच्या ब्रेक पाईपला एम१० बाय १ चे आटे असतात, म्हणजे व्यास दहा मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर एक मिलिमीटर. काही ठिकाणी एम१० बाय १.२५ सापडतात. रेसिंगच्या एएन ३ फिटिंगला ३/८ इंच आणि इंचाला २४ आटे असतात, म्हणजे व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर साधारण १.०६ मिलिमीटर. आता हे एम१० बाय १ च्या किती जवळ आहे बघा. ३/८ चा नर एम१० च्या मादीत सहज शिरतो, फिरतो, शेवटी घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण धरलेलं असतं फक्त आट्यांच्या टोकांनी. पहिल्या जोरदार ब्रेकला ते आटे जातात. बोटाने फिरवताना नट थोडा डुगडुगला तरी तिथेच थांबा आणि थ्रेड गेज लावा.

आट्यांइतकंच महत्त्व पाईपच्या तोंडाला आहे. काही गाड्यांत पाईपचं तोंड दुहेरी दुमडलेलं असतं, काहींत बाहेर फुगवलेलं असतं, आणि एएन फिटिंगला ३७ अंशांचा उतार लागतो. एकावर दुसरं दाबून बसवलं तर सुरुवातीला गळत नाही. गळतं ते गरम झाल्यावर.

टेफ्लॉन टेप गुंडाळली तर?

कधीच नाही. ब्रेकमध्ये आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. गळती थांबते ती पाईपच्या तोंडाशी किंवा तांब्याच्या वॉशरवर. टेपचा तुकडा आत गेला तर त्याने एबीएसचा व्हॉल्व्ह अडकू शकतो.

घरी बसवता येतील का?

हातात शिस्त असेल आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असेल, तर येतील. पण पहिल्यांदा एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून बघा, मग करा.

साधा दहा-अकराचा उघडा पाना ब्रेक पाईपच्या नटाला लावू नका. नटाचे कोपरे उडतात आणि मग नट निघत नाही. फ्लेअर नटचा पाना मिळतो, रिंग पान्याला पाईप आत जाईल एवढी फट असते. तोच वापरा. आदल्या रात्री नटांवर गंजावरचं तेल मारून ठेवा, पण होज सुटल्यावर ती जागा ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय नवं काही जोडू नका.

नट फिरताना पाईप सोबत फिरतोय का हे डोळे लावून बघा. नट आणि पाईप गंजून एक झालेले असतील तर पाईप पिळला जाऊन तुटतो. तसं दिसलं तर थांबा, उलटं फिरवा, पुन्हा तेल मारा. कॅलिपरच्या बाजूला बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑईल जातं तो बोल्ट) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा नवाच वॉशर घालायचा. जुना एकदा दाबला गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा तसा बसत नाही. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, जोर काढून पिळला की मान तुटते. टॉर्क रेंच लावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर थांबा.

होज पिळून बसला का हे ओळखायला होजवर लांबीने सरळ रेघ असेल तर ती बघा, नसेल तर बसवण्याआधी मार्करने तुम्हीच ओढा. बसवल्यावर रेघ गोल फिरलेली दिसली तर टोक सोडून परत बसवा. आणि होज हातात असताना कडकन वाकवून बघू नका. टेफ्लॉनच्या नळीला एकदा मोड पडला की ती कायमची कमजोर होते, सरळ केली तरी.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे स्टिअरिंगची चाचणी. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, चाकं लोंबकळू द्या. एकाने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन होजकडे बघायचं. मग उजवीकडे पूर्ण. मग जॅकने सस्पेन्शन दाबून वर उचलायचं आणि पुन्हा दोन्ही बाजूंना. होज कुठेही ताणला जायला नको, टायर, रिम किंवा शॉकअपच्या स्प्रिंगला टेकायला नको आणि फेरूलच्या तोंडाशी मोडायला नको. मूळ होजला शॉकअपवर जिथे पट्टी होती तिथेच नव्यालाही पट्टी हवी. तिच्या जागी केबल टाय बांधून दिलेली गाडी आमच्याकडे आली तर आम्ही ती आधी उघडतो. गाडी लोअर केली असेल, चाकं रुंद टाकली असतील, तर ही चाचणी नव्याने करायची.

हवा काढताना काय जपायचं?

रिझर्व्हॉयर रिकामा होऊ द्यायचा नाही, हे पहिलं. जुन्या पद्धतीप्रमाणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून. पण पुष्कळ गाड्यांत ब्रेकचं सर्किट तिरकं असतं आणि कंपनीचा क्रम वेगळा असतो, तेव्हा मॅन्युअल सांगेल तोच क्रम धरा. एबीएसच्या पंपात हवा शिरली तर पेडल मारून ती निघत नाही. स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. "पंप मार, धर, सोड" करत दिवस घालवण्यापेक्षा स्कॅनरवाल्याकडे जा.

हवा निघाली की पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाला पांढरा कोरडा टिश्यू लावायचा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. सांडलेलं ऑईल ताबडतोब पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पहिली चाचणी कुठे घ्यायची?

मोकळ्या मैदानात, १०-२० च्या वेगाने. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर थोडी वाढवत. नंतर गाडी परत जॅकवर आणि सगळे जोड पुन्हा टिश्यूने.

घाटात नाही. पसरणी, यवतेश्वर, खंबाटकी इथे नवे ब्रेक "खेचून बघायला" जाणारे आहेत, हे ऐकून मला खरोखर राग येतो. त्या उतारावर एसटी असते, पिकनिकची गाडी असते, दुचाकीवर दोन पोरांना घेऊन निघालेला बाप असतो. ब्रेक गेले तर तुमच्यापुढे ते आहेत. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, मार्शल असतात, अँब्युलन्स असते. ट्रॅकसाठी केलेली गाडी ट्रॅकवरच जोखावी.

एकदा बसवले की किती वर्षं टिकतात?

"आयुष्यभर" असं लिहिलेलं असलं तरी आम्ही ते धरत नाही. रबरी होज म्हातारा झाला की सांगतो : चिरा पडतात, फुगवटा येतो, ओलसर दिसतो. स्टीलजाळीचा होज असं काही दाखवत नाही. आतली नळी घासून पातळ झाली तरी बाहेरून जाळी चकचकीतच असते, आणि जातो तेव्हा एकदम जातो. म्हणून ट्रॅकवर नेणाऱ्या प्रत्येकाला आमचं सांगणं आहे की दर ट्रॅक डेच्या आधी चाकं काढून फेरूलजवळची जागा, पट्ट्या आणि वळणाची बाजू बघायचीच. एक तार तुटलेली दिसली, आवरणाखाली ओल दिसली, मोड दिसला, की होज बदलायचा. दुरुस्ती नाही. आणि कुठल्याही कामासाठी या होजला चिमट्याने दाबून ऑईल अडवू नका.

मागे ड्रम आहेत. फक्त पुढचे दोन होज बदलले तर चालेल?

चालेल. बराचसा जोर पुढेच असतो, फरकही तिथेच जाणवतो. मात्र मागचे रबरी होज जुने असतील तर ते कंपनीचे नवे टाका.

पुरात बुडालेली गाडी स्वस्तात मिळाली, ती ट्रॅकसाठी तयार करतोय. तिला हे होज घालू का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत अशा गाड्या बऱ्याच फिरल्या, त्यामुळे हा प्रश्न इथे येतोच. होज घाला, पण ते काम शेवटचं. बुडालेल्या गाडीत रिझर्व्हॉयरच्या झाकणातून पाणी गेलेलं असू शकतं. कॅलिपरच्या पिस्टनला गंज, ड्रममध्ये गाळ, एबीएसच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज असू शकतो. गाडीखालचे लोखंडी ब्रेक पाईप क्लिपांखाली गंजलेले असतात. गाळ क्लिपेत अडकून महिनोन्‌महिने ओला राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. क्लिपा काढून, पाईप वायर ब्रशने घासून बघा. खड्डे पडलेत असं बोटाला लागलं तर तो पाईप बदला. गंजलेल्या पाईपच्या टोकाला नवा स्टीलचा होज लावून पेडल घट्ट झालं, तर त्या पाईपवरच्या दाबाची चिंता जास्त करा.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ हे आरसीवर नोंदलेल्या बाबी मूळ कंपनीच्या तपशिलापासून बदलण्याबद्दल आहे. ब्रेक होज आरसीवर नोंदलेला नसतो. तरीही मानकाचा शिक्का असलेला होज आणि त्याचं बिल जपून ठेवा, आणि बदल केल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा, होज कुठलाही असो.

रोज सांगली-कोल्हापूर ये-जा करायची गाडी आहे, ट्रॅकवर जात नाही. बसवू का?

आमचं मत विचाराल तर नको. सात-आठ वर्षं जुन्या गाडीला कंपनीचे नवे रबरी होज आणि नवं ऑईल घातलं तरी पेडल असं सुधारतं की पुष्कळांना तेवढ्यातच समाधान होतं. जुना रबरी होज आतून सुजतो, दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मग एक चाक ब्रेक धरून ठेवतं, गाडी एका बाजूला ओढते आणि पॅड लवकर झिजतात. तसं होत असेल तर ट्रॅक असो नसो, होज बदलाच, पण कंपनीचेच. रस्त्यावरच्या गाडीला पंधरा दिवसांनी चाक काढून फेरूल बघायला कुणी बसत नाही, आणि स्टीलजाळीच्या होजला ती नजर लागतेच.

ट्रॅकला जाताना सोबत काय ठेवू?

सांगलीहून कोइमतूर किंवा चेन्नई म्हणजे जाता-येता मोठा पल्ला, आणि बरेच जण तीच गाडी चालवत परत येतात. डिकीत ब्रेक ऑईलचा न उघडलेला डबा, तांब्याचे जास्तीचे वॉशर, फ्लेअर नटचा पाना, ब्लीडिंगची नळी आणि बाटली असू द्या. शेवटचं सेशन झालं की गाडी एक लॅप हळू फिरवून ब्रेक थंड होऊ द्या. मग चाकं काढून होज बघा, पेडल दाबून बघा. मऊ लागलं तर तिथेच हवा काढा, तसंच बेंगळुरूच्या हायवेला लागू नका.

काढलेले कंपनीचे होज फेकून देऊ का?

चिरा नसतील, सुजले नसतील, तर फेकू नका. दोन्ही टोकांना टोप्या लावून, स्वच्छ पिशवीत घालून तेही डिकीत ठेवा. ट्रॅकवर एखादा होज दगडाने कापला गेला तर घरी परतायला तेच उपयोगी पडतात. फक्त ते परत बसवतानाही तांब्याचे वॉशर नवेच घालायचे.